आखाड्याचं देणं

केळापूर हे तालुक्याचं नाव आणि पांढरकवडा हे तालुक्याचं गाव. बाहेरच्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. जगदंबेचं केळापूर नागपूर–हैदराबाद महामार्गालगत आहे. नवरात्रात विदर्भातून आणि पैनगंगेपलीकडच्या तेलंगणातूनही माणसं तिथे दर्शनाला येतात. तहसील, बाजार, उपजिल्हा रुग्णालय हे सगळं पांढरकवड्यात. आणि आता जिमही.

तालुक्याच्या गावातली जिम शहरातल्यासारखी नसते. भाड्याचा एक हॉल, भिंतभर आरसे, कोपऱ्यात बजरंगबलीची तसबीर, तिच्यापुढे उदबत्ती आणि त्याच कोपऱ्यात रबरी प्लेटांचा ढीग. पहाटे येणारी निम्मी पोरं पोलीस भरतीची. सोळाशे मीटर मैदानावर पळून येतात आणि गोळाफेकीसाठी खांदा तयार करायला इथे घाम गाळतात. त्यांच्या बाजूला किराणा दुकानदाराचा मुलगा, जिल्हा परिषदेच्या शाळेतले सर, जिनिंगमध्ये हमाली करणारा एखादा गडी, पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, शिकायला आलेला विद्यार्थी. बाहेर या माणसांचा एकमेकांशी संबंध येतो तो देण्याघेण्यापुरता. आत मात्र दुकानदाराच्या मुलाच्या छातीवर ऐंशी किलोचा बार असतो आणि त्याच्या डोक्यामागे हमाल उभा असतो, बारखाली तळवे धरून. हात लावायचा नाही, पण हटायचंही नाही; बार थरथरायला लागला की मग उचलायचं. ‘सपोर्ट दे ना भाऊ’ म्हणून कुणालाही हाक मारता येते आणि नाही कुणी म्हणत नाही.

या लेखात मला जे सांगायचं आहे ते या सपोर्टमध्ये आहे. जिममध्ये जमणारी माणसं रोज एकमेकांचा भार सांभाळतात. कुणाची ताकद किती, कोण कितव्या रिपला ढेपाळतो, कोण रोज वेळेवर येतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. मदतीच्या कामात पैसा पुष्कळदा उभा राहतो, पण अशी एकमेकांना ओळखणारी माणसं ऐन वेळी गोळा करता येत नाहीत. ती आधीपासून असावी लागतात. आपल्या जुन्या आखाड्यांना हे कळलेलं होतं आणि त्याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्याच विभागात, अमरावतीत आहे.

अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. अंबादासपंत आणि अनंत वैद्य या दोन भावांनी ते सुरू केलं. आज तिथे महाविद्यालयं, वसतिगृहं, मोठी मैदानं दिसतात. सुरुवात मात्र आखाड्याची होती. मंडळाने शारीरिक शिक्षणाचे वर्ग सुरू केले, त्यांना प्रांतोप्रांतीची मुलं आली आणि शिकून गावोगाव परतली. विदर्भातल्या कितीतरी गावांत मातीचा हौद आणि मल्लखांब पोचला तो या वाटेने. क्रांतिकारक राजगुरूही काही काळ या मंडळात व्यायामाचं शिक्षण घेत होते. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचं पथक जर्मनीला गेलं आणि त्याने तिथे मल्लखांब, कबड्डी असे आपले खेळ करून दाखवले. ही बर्लिनची हकिकत अमरावतीत आजही अभिमानाने सांगितली जाते, आणि सांगावीच.

मला मात्र त्याहून मोठी वाटते ती डॉ. शिवाजीराव पटवर्धनांची गोष्ट. पटवर्धन अमरावतीत होमिओपॅथीचा व्यवसाय करत, स्वातंत्र्य चळवळीत होते आणि व्यायाम मंडळाच्या जडणघडणीतही त्यांचा वाटा होता. पुढे त्यांनी अमरावतीजवळ कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं. कुष्ठरोग्याची सावलीही नको म्हणणारा तो काळ. रोगावर खात्रीचं औषध नुकतं कुठे हाती येत होतं आणि घरच्यांनीच टाकून दिलेली माणसं देवळांच्या पायऱ्यांवर हात पसरून बसलेली असत. त्यांच्यासाठी पटवर्धनांनी वसाहत वसवली, त्यांच्या हाताला काम दिलं. १९५९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वरोऱ्याचं आनंदवन १९४९ सालचं. म्हणजे विदर्भाच्या दोन टोकांना साधारण एकाच काळात, समाजाने हात लावायला नकार दिलेल्या माणसांना हात लावणारी कामं उभी राहत होती.

व्यायाम आणि तपोवन यांचा संबंध केवळ योगायोगाचा आहे, असं मला वाटत नाही. आखाड्याच्या मातीत शिवाशीव टिकतच नाही. पट काढायचा तर समोरच्याच्या पायाला मिठी मारावी लागते, ढाक लावायचा तर त्याच्या घामात आपला घाम मिसळतो. ज्याचं बालपण अशा मातीत गेलं, त्याला दुसऱ्याच्या शरीराची किळस येत नाही, भीतीही कमी वाटते. सेवा करण्याआधी लागणारी ही पहिली तयारी आहे आणि ती पुस्तकातून होत नाही.

बडोद्यातही हेच घडलं. एकोणिसाव्या शतकात उस्ताद जुम्मादादांनी तिथे आखाडा चालवला आणि त्यांचा वारसा पुढे नेला तो त्यांच्या मराठी शिष्याने, राजरत्न माणिकरावांनी. मुसलमान वस्तादाचं नाव हिंदू शिष्याने आयुष्यभर संस्थेच्या दारावर मिरवलं. जुम्मादादा व्यायाम मंदिर हेच नाव कायम राहिलं. माणिकराव हाडवैद्य म्हणूनही नावाजलेले होते. मोडलेला हात, निखळलेला खांदा, मुरगळलेला पाय घेऊन माणसं त्यांच्याकडे येत. वस्तादाला सांधा कळतो, कारण त्याने हजारो सांधे पिळलेले आणि सोडवलेले असतात. ज्या विद्येने कुस्तीत खांदा काढता येतो, त्याच विद्येने तो बसवताही येतो. जुन्या तालमींत हाड बसवणं, लचक काढणं ही गावाची सोय होती.

जाता जाता पांढरकवड्यापुरतं एक सांगतो. मल्लखांबाचं श्रेय परंपरेने दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट्टदादा देवधरांना दिलं जातं. त्याच बाजीरावाच्या पळत्या फौजेला कर्नल अ‍ॅडम्सच्या पलटणींनी १७ एप्रिल १८१८ रोजी गाठलं ते सिवनीजवळ, म्हणजे आमच्या पांढरकवड्याच्या परिसरात. राज्य गेलं, मल्लखांब मात्र राहिला. मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिराच्या उदय देशपांडे यांनी तो अंध मुलींनाही शिकवला. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. दृष्टी नसलेली मुलगी गुळगुळीत लाकडी खांबावर पायाच्या विळख्याने स्वतःला उलटं तोलते, तेव्हा खाली उभ्या असलेल्या शिक्षकाच्या आवाजावर तिचा किती विश्वास असेल!

आता कोल्हापूर. व्यायामाच्या नात्याने बांधलेला समाज संकटात काय करू शकतो, हे अलीकडच्या काळात सगळ्यात ठळकपणे तिथे दिसलं. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागचं मैदान १९१२ साली बांधून पुरं झालं आणि पेठापेठांतल्या तालमी शहराच्या कारभाराचा भागच बनल्या. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम ही नावं आज बाहेरच्यांना फुटबॉलमुळे माहीत असतात, कारण या तालमींचे संघ आहेत आणि त्यांच्या सामन्यांना शहर लोटतं. पण तालीम म्हणजे तेवढंच नव्हे. गणपती तिथे बसतो, कित्येक तालमींत मोहरमचे पंजेही बसतात. भाऊबंदकीची भांडणं तिथे मिटतात, लग्नाला मांडव घालायला पोरं तिथूनच जातात आणि मयतीला खांदा द्यायलाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा फुगली. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे–बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद पडला. पेट्रोल, दूध, भाजी, सगळ्याचाच तुटवडा. प्रयाग चिखली, आंबेवाडी आणि पुढे शिरोळ तालुक्यातली गावं पाण्याने वेढली. लष्कर, नौदल, एनडीआरएफ आले. त्यांचं काम मोठंच होतं. पण त्यांना शहराची गल्ली माहीत नसते. कुठल्या वाड्यात वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली आजी आहे, कुठल्या घरात बाळंतीण आहे, हे तालमीच्या पोराला माहीत असतं. तालमी-मंडळांनी चुली पेटवल्या, जेवणाची पाकिटं बांधली, पाण्याचे जार वाहिले, शाळांमध्ये आणलेल्या कुटुंबांची उठबस केली. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५६ फुटांपर्यंत चढलं, तेव्हा यातलं पुष्कळसं विनासायास जमून आलं. आधीच्या वेळी कुणी काय केलं होतं, हे ज्याला त्याला आठवत होतं.

पूर ओसरल्यावरचं काम तर निव्वळ ताकदीचं. घरात गुडघाभर गाळ, भिजून दुप्पट जड झालेल्या गाद्या, फुगलेलं लाकडी कपाट, मेलेली जनावरं. तेव्हा कॅमेरे निघून गेलेले असतात. या कामात पाठ धरते, कंबर मोडते आणि नीट वाकून उचलायचं कसं हे ज्याला शिकवलेलं आहे, तोच दुसऱ्या दिवशीही येऊ शकतो. गुडघे मोडून, पाठ सरळ ठेवून, वजन अंगाशी घेऊन उचल, हे जिमचा कोच रोज ओरडून सांगतो ते तिथे खरंखुरं उपयोगी पडतं.

यवतमाळ जिल्ह्याला पूर नवा नाही. २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातल्या आनंदनगरमध्ये माणसं पुरात अडकली, त्यांच्यासाठी हवाई दलाचं हेलिकॉप्टर मागवावं लागलं. वर्धा आणि पैनगंगा या दोन्ही नद्या पावसाळ्यात आमची परीक्षा बघतात. पण केळापूर तालुक्याची रोजची गरज वेगळी, जरा संथ आहे. पुरासारखी ती बातमी होत नाही.

पहिली गरज रक्ताची.

पूर्व विदर्भात आणि आमच्या भागात सिकलसेल घरोघरी ऐकू येणारा शब्द आहे. गोंड, परधान वस्त्यांमध्ये तो आहेच, पण तो केवळ आदिवासींचा आजार नाही. इतर अनेक समाजांतही तो सापडतो. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पोर वेदनेने तळमळतं. थंडी, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, एवढं निमित्त पुरतं. हिमोग्लोबिन फार खाली आलं किंवा छातीत गुंतागुंत झाली की रक्त चढवावं लागतं. आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवण्याचं ठरवलं. ठरवलं ते चांगलंच. पण आज रात्री दवाखान्यात असलेल्या मुलाला रक्त आज रात्रीच लागतं. यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पांढरकवड्याहून सत्तरेक किलोमीटरवर. बाप मुलाला घेऊन तिथे पोचतो तेव्हा शहरात ओळखीचं कुणी नसतं, हातात चिठ्ठी असते आणि मोबाइलमध्ये बॅलन्स संपत आलेला असतो.

अशा वेळी पांढरकवड्यातल्या जिमच्या भिंतीवर एक यादी असेल तर? अठरा ते साठ वयाची, धडधाकट, वजनात बसणारी, सहसा निर्व्यसनी, रोज एका ठिकाणी भेटणारी इतकी माणसं तालुक्यात दुसरीकडे कुठे एकत्र सापडतात? रक्तदात्याच्या अटी वाचा. वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा, ताप नाही, अंगात कुठलं चालू दुखणं नाही. जिमच्या हजेरीपटावर बोट ठेवून वाचल्यासारख्या त्या आहेत.

पण जिममध्येच एक अडचण बसलेली आहे. ‘रक्त दिल्यावर बॉडी उतरते का भाऊ?’ हा प्रश्न सतत विचारला जातो आणि खूपदा कोचच मान डोलावतो. उत्तर सोपं आहे. एका वेळी ३५० मिलिलिटर, फार तर ४५० मिलिलिटर रक्त घेतात. त्यातला पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशी भरायला काही आठवडे लागतात. त्या दिवशी वजन उचलायचं नाही, दुसऱ्या दिवशीही हलकंच करायचं, पाणी भरपूर प्यायचं. धावणाऱ्याला काही दिवस दम लवकर लागल्यासारखा वाटेल, म्हणून भरतीची मैदानी चाचणी तोंडावर असलेल्या मुलाने तेवढ्यापुरतं थांबावं. स्नायू कुठेही जात नाहीत. हातात मऊ चेंडू, बाजूला हळूहळू डुलणारी पिशवी, दहा मिनिटांत काम झालेलं असतं. उठून बसल्यावर बिस्किटाचा पुडा आणि गोड सरबत. दंडाचा घेर होता तेवढाच असतो.

सिकलसेलचा आणखी एक धागा जिमशी जोडलेला आहे आणि तो कुणी सांगत नाही म्हणून मी इथे मुद्दाम सांगतो. वाहक माणूस एरवी ठणठणीत असतो, त्याला स्वतःला कल्पनाही नसते. पण कडक उन्हात, पाणी न पिता, शरीराला फार ताणलं तर क्वचित त्याच्या जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत २००६ साली राइस विद्यापीठाचा एक तरुण फुटबॉलपटू सरावानंतर असाच दगावला, त्यानंतर २०१० पासून तिथल्या अव्वल विद्यापीठांच्या खेळाडूंची ही तपासणी होऊ लागली. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि पोरं भरतीसाठी डांबरी रस्त्यावर पळत असतात. म्हणून तपासणीचं शिबिर जिममध्येच भरवावं. त्यात दुसऱ्याचं भलं आहे आणि आपल्या पोरांचाही जीव सांभाळला जातो. वाहक निघाला म्हणून कुणाला व्यायामातून काढायचं नाही. सावलीत, पाणी पीत, टप्प्याटप्प्याने करायला लावायचं.

दुसरी गरज वाहून नेण्याची. एकशे आठची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिने पुष्कळ जीव वाचवले. पण ती डांबरी रस्त्यावर थांबते. पोडापासून रस्त्यापर्यंत पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल असतो. चप्पल रुतली की पाय बाहेर येतो, चप्पल आतच राहते. अशा वेळी बाजेवर निजवून माणूस आणावा लागतो. साठ किलोचा रुग्ण, वर बाजेचं वजन, चौघांत वाटून प्रत्येकी वीसेक किलो. जिममधल्या पोराला वीस किलो म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. दहा मिनिटं चालून बघा. आधी बोटं सुटतात, मग मनगट, खांद्याचा नंबर त्यानंतर लागतो. जिममध्ये यासाठीचा नेमका व्यायाम आहे, दोन्ही हातांत जड डंबेल धरून चालायचं. त्याला फार्मर्स वॉक म्हणतात. शेतकऱ्यांच्या तालुक्यात या व्यायामाला आणखी कारण द्यावं लागू नये. चौघांनी पावलं कशी जुळवायची, बाजू केव्हा बदलायची, उतारावर कुणी पुढे राहायचं, हे एकदा रिकाम्या बाजेवर आणि एकदा आपल्यातल्याच एका गड्याला निजवून शिकता येतं.

तिसरी गोष्ट फवारणीची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकड्यांनी दवाखान्यात भरती झाले. त्या हंगामात कपाशी डोक्याइतकी वाढली होती आणि फवारा अंगावर येत होता. जिममधली कितीतरी पोरं आजही सुट्टीच्या दिवशी घरच्या शेतात पाठीला पंप लावून उतरतात. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, वाऱ्याकडे पाठ, फवारणीनंतर अंघोळ: एवढी शिस्त या पोरांनी स्वतः पाळली आणि आपल्या गावात दहा जणांना पाळायला लावली, तर तेही दानच. ज्याचं अंग गाव कौतुकाने बघतं, त्याचं ऐकलंही जातं. ‘पहिलवान मास्क लावतो’ हे दृश्य कृषी खात्याच्या शंभर पत्रकांपेक्षा लवकर पोचेल.

बायांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तालुक्याच्या गावांत जिममध्ये बायकांची वेळ अजून अपवादाने असते, असली तर दुपारची. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये निम्म्याहून जास्त जणींना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीने सांगितलं. रक्तदान शिबिरात त्याचा पडताळा येतो: उत्साहाने आलेली कॉलेजची मुलगी बोटावर सुई टोचून घेते आणि हिमोग्लोबिन दहा निघालं म्हणून परत फिरते. तिला परत पाठवताना हातात लोहाच्या गोळ्या आणि आहाराचा कागद द्यावा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं. जिममध्ये प्रोटीनच्या डब्याची चर्चा तासन्‌तास चालते, तितकीच चर्चा घरातल्या आईच्या, बहिणीच्या ताटाची व्हायला हवी.

पैशाबद्दल थोडक्यात. वर्गणी काढा, पण हिशेब जिमच्या फळ्यावर खडूने लिहा, किती आले आणि कुठे गेले. सार्वजनिक वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून परवानगी घ्यायची असते, ती घ्या. आणि बॅनर लावू नका. मदत घेणाऱ्या बाईचा, तिच्या हातात किराण्याची पिशवी देतानाचा फोटो काढणं मला अपमानाचं वाटतं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी या तालुक्याने असे फोटो खूप पाहिले आहेत. त्या घरातल्या माउलीला फोटोपेक्षा पेरणीच्या दिवशी दोन माणसं हवी असतात आणि सीतादही, म्हणजे वेचणीच्या आरंभीची पूजा, झाली की कापूस वेचून, गाडीत चढवून बाजारात नेणारे चार हात हवे असतात. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाने विदर्भाच्या खेड्यांत श्रमदानाची सवय लावली, गाडगेबाबांनी खराटा हातात घेऊन ती दाखवली. आमच्या आजोबांच्या पिढीला हे शिकवावं लागलं नाही.

सुरुवात लहान करता येते. नव्वद माणसांची जिम धरा. पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं, बाईला चार महिन्यांनी. सगळ्या नव्वदांनी एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला एकदम रक्त दिलं, तर त्या दिवशी फोटो छान येतो आणि पुढचे तीन महिने त्या जिममध्ये एकही दाता उरत नाही. तांबड्या पेशी रक्तपेढीत पस्तीस-बेचाळीस दिवस टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. म्हणून तीन गट पाडायचे आणि आळीपाळीने महिने वाटून घ्यायचे, बायांच्या नावापुढे चौथा महिना मांडायचा. एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद असतात, शिबिरं होत नाहीत, लग्नसराई आणि ऊन दोन्ही जोरात असतात. तेव्हा रक्तपेढ्या रिकाम्या होतात, म्हणून सगळ्यात मोठा गट उन्हाळ्याला राखून ठेवायचा. निगेटिव्ह रक्तगटाच्या माणसांना शिबिरात न बसवता फोन आल्यावरच पाठवायचं. भिंतीवरच्या यादीला चार रकाने पुरतात: नाव, रक्तगट, शेवटचं रक्तदान केव्हा, फोन. ती भरायला पहाटेची एक बॅच पुरते. तिची एक प्रत उपजिल्हा रुग्णालयात नेऊन द्यायची आणि तिथल्या सिस्टरला सांगून यायचं, की रात्री-अपरात्री कधीही लावा.